ओटीतला हिरवा खण

प्रिय आई,

आज बेलापूरच्या बाजारातून आलं ते असं: नारळ एक, चार रुपये. हिरव्या बांगड्या डझनभर, तीन रुपये. हळकुंडं, सुपाऱ्या, खारका मिळून अडीच रुपये. माझ्या गळ्याच्या गोळ्यांची बाटली, बारा रुपये. तांदूळ घरातलेच. खण मात्र आणला नाही. त्या खणासाठीच हे पत्र.

दिवेलागणीला तुम्ही विचारायचात, "काय आनलंस? कितीला आनलंस?" वर्ष झालं, कोणी विचारत नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं. उरणच्या तुमच्या भावाला कार्डं मीच लिहायची, आणि शेवटी तुमचं पालुपद ठरलेलं, "उलट टपाली कळव म्हनावं!" हे पत्र तुम्हाला कोण वाचून दाखवणार? मीच दाखवीन, देवापाशी बसून.

परवा तुमचं वर्षश्राद्ध झालं. मंदाला, तुमच्या धाकट्या सुनेला, तिसरा महिना लागला आहे. येत्या शुक्रवारी तिची चोरओटी भरायची. बाहेर कळू न देता, दार लावून, घरातल्या मोठ्या बाईने भरायची, ही तुमचीच रीत. आता घरातली मोठी बाई मीच ना!

माझी चोरओटी आठवते ना? लग्नाला चार वर्षं झाली होती. तीन महिने पाळी नव्हती आणि पोट पुढे आलं होतं. तुम्ही काही विचारलंच नाहीत. शुक्रवारी दिवा लावलात, दाराला कडी घातलीत, पाट मांडलात आणि माझ्या पदरात तांदूळ, नारळ, हिरवा खण घातलात. "बोलू नको कोनाला. नजर लागंल." मी कशाला बोलते? मलाही ते खरंच वाटलं होतं!

आई, एकदा विचारायचं तरी होतंत! पनवेलच्या डॉक्टरांनी तपासलं आणि हातच झटकले. "काही नाही. वजन वाढलंय, खाणं कमी करा." घरी येऊन मी नारळ आणि खण तुमच्यापुढे ठेवला. म्हटलं, परत घ्या. तुम्ही चूल फुंकत होतात. मानसुद्धा वर केली नाहीत.

"भरलेली ओटी कोन परत घेत नाय. ती तुझी हाय. पोर येव, नायतर न येव."

मग त्याच तांदळाचा गोड भात केलात आणि मलाच वाढलात. ताट संपेपर्यंत तुम्ही समोरून हलला नाहीत.

पोट काही गेलं नाही. हळदीकुंकवाला शेजारच्या पारूबायने माझ्या पोटाकडे बघून डोळे मिचकावले, "कितवा गो?" तुम्ही तिच्या हातावर तिळगूळ ठेवत म्हणालात, "तुझ्या घरच्या भातानं नाय ना वाढलं? मंग गप ऱ्हा." सगळ्या हसल्या. मी मात्र माजघरात जाऊन पदर पसरून पोट झाकून घेतलं.

सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी, किती उपास धरले मी! देवासाठी म्हणून सांगायची. देवाला काय कळत नाही? निम्मे तरी पोटासाठीच होते. वर साबुदाणा, शेंगदाणे, रताळी. पोट जसंच्या तसं. केस मुठीने गळायचे, वैशाखात गोधडी लागायची, उंबऱ्यावर टेकले तर उठवत नसे. मामंजी एकदा म्हणाले, "ही उपास करते का मेजवानी?" तुम्ही त्यांचं ताट तसंच खाली ठेवलंत. "आज आपलं आपन वाढून घ्या." आणि परसात निघून गेलात!

वाशीच्या दवाखान्यात मला घेऊन गेलात त्याही तुम्हीच. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोटाआधी माझा गळा चाचपला. रक्त मुंबईला पाठवलं. पुढच्या खेपेला समजावून सांगितलं, "गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते, ती मंदावली आहे. तिच्यातलं हार्मोन शरीराला कमी पडतं. पाळी चुकते ती त्यामुळे, थंडी वाजते ती त्यामुळे, अंग सुजतं, वजन वाढतं."

तुम्ही पुढे सरकलात. "म्हंजे खाऊन नाय झालं?"

"नाही आजी. हे काही खाऊन झालेलं नाही."

मग बाहेर बाकावर बसलेल्या अनोळखी बायकांना तुम्ही मोठ्याने सांगितलंत, "ऐकलंत काय गो, खाऊन नाय झालं!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आई, इतक्या वर्षांत माझ्या बाजूने एवढ्या मोठ्या आवाजात कोणी बोललं होतं?

गोळी रोज सकाळी अनशापोटी. उपाशी राहायचं नाही. भात थोडका, डाळ-भाजी-मासळी पोटभर, आणि चालायचं. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, "पोट सगळ्यात शेवटी उतरतं. सगळं उतरेलच असंही नाही." मी लुगड्याखाली कॅनव्हासचे बूट घालून खाडीच्या बांधावर चालायची आणि तुम्ही दगडावर बसून ओरडायचात, "अशी काय चालतंस? मागं कुत्रा लागल्यावानी चाल!"

पावसाळा सरता सरता तुम्ही तापाने पडलात आणि आठवड्यात गेलात. गोळ्यांचा गुण यायला नुकती सुरुवात झाली होती. एवढी कसली घाई होती हो?

तर आता ऐका. पाळी वेळेवर येते. थंडी गेली. तोंडावरची सूज उतरली, परकराची नाडी आवळून बांधावी लागते. पण बेंबीखालचं पोट हटत नाही! हट्टी, अगदी तुमच्यासारखं. आणि मूल? नाही आई. अजून नाही.

श्राद्धाच्या दिवशी मंदाची आई नावड्याहून आली होती. पंगत उठल्यावर म्हणाली, "राग मानू नका, पन जिची कूस उजवली नाय तिने ओटी भरू नये. मी माज्या जावेला धाडते." माझ्या हातात उष्टी ताटं होती. बोलली ती मंदा. "आये, ताईंनी नाय भरली, तर मी पाटावर बसनारच नाय."

विहीणबाईंनी विषय सोडला. माझ्या मनाने मात्र सोडला नाही. माझ्या हाताने त्या पोरीचं काही वाईट झालं तर?

म्हणून काल तुमचा हिरवा खण ट्रंकेतून काढला. म्हटलं, तोच मंदाला द्यावा, तुमच्या हाताचा आहे, त्याला कोण नाव ठेवील? इतकी वर्षं तो शिवलाच नव्हता. आधी म्हणायची, मूल झालं की शिवीन. मग म्हणायला लागले, पोट उतरलं की शिवीन. आज बाजारातून आल्यावर नारळाशेजारी ताटात ठेवला आणि तुमचे शब्द आठवले. ती तुझी हाय.

तुम्ही ओटी पोराची भरली नव्हतीत. माझी भरली होतीत. होय ना?

तर शब्द देते. शुक्रवारी ओटी मीच भरीन. मंदासाठी नवा खण उद्या आणते, कितीला आणला ते संध्याकाळी सांगीन. आणि तुमचा खण उद्याच शिंप्याकडे टाकते. माप आज आहे त्या अंगाचं द्यायचं, उतरेल त्या अंगाचं नाही. तीच चोळी घालून पाटासमोर बसेन.

काही चुकत असेल तर शुक्रवारच्या आत उलट टपाली कळवा. गप्प राहिलात, तर त्या दिवसासारख्याच चुलीपुढे मान खाली घालून बसला आहात असं समजेन.

तुमची थोरली सून,
सुमन
करावे