अहो, नाव विचारू नका

७ मार्च २००६, मंगळवार

कुंदाताईंचा फोन! अठराला इथल्या मराठी मंडळाच्या वाचनात माझा अनुवाद! चांगली वीस मिनिटं. न्युरेम्बर्गला येऊन अकरा वर्षं झाली, मंडळात आजवर गाजले ते माझे बटाटेवडे. आता बघाच म्हणावं.

कादंबरी जुनी, फ्रेंच. मी जर्मनमधून करतेय, मांडीवर डिक्शनरी घेऊन. सरदार-उमराव, नाच, मेजवान्या — आणि जो तो दुसऱ्याच्या बायकोवर डोळा ठेवून! त्यात एक बाई सरळ नवऱ्यालाच सांगते की तिचं मन दुसऱ्यावर बसलंय. नाव मात्र सांगत नाही. नवरा मत्सराने झुरून अर्धा होतो. हे वाचताना माझी आमटी करपली.

यांना काही बोललेले नाही. तिथेच ऐकू देत.

९ मार्च

त्या बाईच्या वाक्यावर अडलेय. 'मी प्रेम करते' म्हणजे अगदीच सिनेमा. घरातली बाई असं कसं सांगेल?

१० मार्च

सापडलं! पोळ्या लाटता लाटता! पिठाच्या हातानेच चिठ्ठ्यांच्या पॅडवर लिहून टाकलं — 'अहो, तुमच्यापासून लपवणार नाही. माझं मन दुसरीकडे गुंतलंय. नाव विचारू नका.'

हे पॅड नेहमी हाताशी असतं. यांची सकाळची शिफ्ट, पहाटे साडेपाचला घराबाहेर. आमचा निम्मा संसार चहाच्या डब्याखालच्या चिठ्ठ्यांवर चालतो — भाजी फ्रीजमध्ये आहे, इमारतीचा हाउसमाइस्टर नळ बघायला येणार, दूध आणा.

१३ मार्च

तो कागद कुठे गेला देव जाणे. सवयीने कुठेतरी सरकवला असणार. जाऊ दे, पाठ आहे!

१५ मार्च

हे काल ट्यूलिप घेऊन आले — ना वाढदिवस, ना काही. बरी आहेस ना, असं दोनदा विचारलं. चेहरा उजळलाय माझा, दुसरं काय!

१८ मार्च, शनिवार

जमलं!! चाळीस जणांचा चहाही माझ्याकडेच, म्हणून सकाळी घाईत घरातला डबाच पिशवीत टाकला होता. पण वाचायला उभी राहिले आणि त्या वाक्याला मंडळातल्या शैलाने चक्क डोळे पुसले. कुंदाताई म्हणाल्या, "पुस्तकातलं वाटलंच नाही गं, बाईच्या तोंडचं वाटलं."

हे तिसऱ्या रांगेत, पांढरेफटक. भारावले असणार. बाहेर आल्यावर म्हणाले, "ते कादंबरीतलं होतं?" म्हटलं, मग काय माझं? मला हसू आवरेना.

घरी आल्यापासून स्वयंपाकघर उपसतायत. काय हवंय म्हटलं, तर चहाचा डबा. तो कुंदाताईंकडे राहिला, उद्या आणून देतील असं सांगितलं. तरी शोधतायत.

१९ मार्च

डबा आला. बुडाला साखरेने चिकटलेली चिठ्ठी. यांचं अक्षर.

'तू सांगितलंस म्हणून धीर झाला. माझंही गुंतलंय, तीन वर्षं झाली. तूही नाव विचारू नकोस.'