साबणवाल्याची बाकी

सोमवार, ४

हॉटेलने अखेर पैसे दिले — निम्मे. मॅनेजर म्हणाला, "धंदा मंदा आहे, समजून घ्या." त्याच्या चादरी मी धुवायच्या आणि समजूनही मीच घ्यायचं.

देणी चार. लॉन्ड्रीच्या जागेचं भाडं. मोठ्या मशीनचा हप्ता. कामगारांचा थकलेला पगार. आणि साबणवाले अण्णा. हातात आहे त्यात एखाद-दुसरं भागेल, तेही ओढूनताणून.

बायकोला विचारलं, आधी कोण? "जो जास्त ओरडतो तो." सगळे असंच करतात. म्हणून तर ओरडणारे वाढतात.

मंगळवार, ५

दिवसभर कान उघडे ठेवले. माणूस पैसे कसे मागतो त्यावरून त्याची निकड कळते. हप्तेवाला फोनवर पाठ केल्यासारखा बोलतो, मागे कोणीतरी खिदळत असतं. त्याला कसली घाई! जागामालक भाडं मागतच नाही. पायरीवर उभा राहून भिंतीला ओल आली का विचारतो, शेजारच्या शिंप्याला ऐकू जाईल अशा बेताने. इस्त्रीवाल्या मावशी काही बोलत नाहीत, इस्त्री तेवढी जोरात आपटतात.

आणि अण्णा. साबणाची गोणी पाठवतात, सोबत चकार शब्द नाही. इतक्या वर्षांत एकदाही तगादा नाही. दिले तेवढे घेतले, उरलं ते पुढे ओढलं.

बुधवार, ६

झोप नाही. सारखी या कुशीवरून त्या कुशीवर. बायको म्हणाली, "चादर तरी शाबूत ठेवा."

ठरलं. अण्णांचं सगळं द्यायचं. मी डोक्यावरून गाठोडी वाहत होतो तेव्हा याच माणसाने पहिली साबणाची वडी उधार दिली. एकदा तरी न ओरडणाऱ्याला आधी द्यावं. उरतील ते पगारात घालू. बाकी दोघांशी गोड बोलायचं — ते मला जमतं.

गुरुवार, ७

दिले. दुकानात गिऱ्हाइकं होती. नोटा ठेवल्या आणि म्हटलं, "अण्णा, आज पै न् पै चुकती. खातं कोरं करा." जरा ऐटीतच म्हटलं, खोटं कशाला लिहू.

अण्णांनी नोटा मोजल्यासुद्धा नाहीत. "सगळे?"

"सगळे."

"बरं."

आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. मला वाटलं होतं खूश होतील.

शनिवार, ९

काहीतरी बिनसलंय. जागामालक सकाळीच आला, भाड्याचं नावही नाही. आतून फिरला, वितीने भिंत मोजली. "रिकामी करायच्या आधी महिनाभर सांगा, म्हणजे झालं." मी हसलो. तो हसला नाही.

दुपारी हप्तेवाल्यांचा माणूस मशीनचे फोटो काढून गेला. मग मावशींनी इस्त्री उभी केली आणि चक्क तोंडाने बोलल्या, "मालक, बंद करणार असाल तर आधी आम्हाला सांगा. बाजारातून कळायला नको."

"बंद करतोय असं कोण म्हणतं?"

"साबणवाल्याचं खातं मिटवलंत की तुम्ही."

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या बाजारात रोजच्या मालाचं खातं कोणी पुरतं मिटवत नाही. शंभरातले नव्वद द्यायचे, दहा राहू द्यायचे. ती बाकी म्हणजे 'पुन्हा येतो' असं सांगणं. सगळं फेडतो तो एक तर भांडून निघालेला, नाही तर शटर ओढणारा. हे मला माहीत नव्हतं? याच खुणेवरून मी स्वतः दोन बुडत्यांकडून वेळेत पैसे काढलेत. जगाचं ऐकतो, माझं मला ऐकू आलं नाही.

रविवार, १०

अण्णांच्या घरी गेलो. "बसा," म्हणाले. मला! आजवर 'बस रे' असायचं.

"अण्णा, चुकलं. उपकार फेडायला गेलो होतो."

"उपकार कसले? मी साबण विकतो." मग म्हणाले, "मला वाटलं, माझं नाव नको झालं तुला."

म्हटलं, लॉन्ड्री बंद करत नाहीये.

"नक्की?"

आणि मला 'नक्की' म्हणता येईना.

सोमवार, ११

मॅनेजरचा फोन. "बंद करताय म्हणे? दुसरी सोय बघू का?" उरलेल्या निम्म्या पैशांबद्दल अवाक्षर नाही. बुडत्याचं देणं कोण देतो?

बायकोने भाकरीसाठी घेतलेलं पीठ तसंच ठेवलं आणि समोर बसली. "खरंच बंद केलं तर?" तिनेच हिशेब मांडला: मशीन परत करायचं. जागा सोडायची. अनामत परत मिळेल त्यातून पगार चुकते करायचे. कोणाचं एका पैशाचंही देणं नाही. "झोप तरी लागेल तुम्हाला."

तिचं काय चूक आहे? धुण्याच्या सोड्याने तिच्या बोटांना भेगा पडल्यात, लग्नापासून त्या भरल्या नाहीत. 'विचार करतो' म्हटलं. विचार कसला, नुसता पीळ. देणं संपेल हे खरं. पण मग सकाळी माझी वाट कोण बघणार?

मंगळवार, १२

ऐन गर्दीच्या वेळी अण्णांच्या दुकानात शिरलो. शिंपी होता, जागामालकाचा भाऊही होता. बरंच झालं. आवाज चढवून म्हटलं, "अण्णा, चार गोण्या. उधार."

सगळं दुकान वळून बघायला लागलं. अण्णांनी चष्म्यावरून बघितलं. "आणि पैसे?"

"देईन थोडे थोडे. सगळे एकदम मिळायचे नाहीत, आधीच सांगतो."

"तुझ्याकडून अपेक्षाही नाही," म्हणाले, आणि हमालाला हाक मारली.

संध्याकाळी मॅनेजर स्वतःहून म्हणाला, उरलेले पैसे शुक्रवारी देतो. आल्याबरोबर ते पगारात जाणार, भाडं आणि हप्ता मागाहून. बायकोला न विचारता गोण्या घेतल्या. ती अजून बाजारातून आलेली नाही.

बुधवार, १३

बायकोने गोण्या बघितल्या. एकीवर बसली. म्हणाली, "या महिन्यापासून पगारात मलाही धरा. आणि लग्नापासूनची थकबाकी आहे — ती सावकाश दिलीत तरी चालेल."