भट्टीवाल्याचा पाहुणा

६ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद सवयीने लिहिलाय, आज तो मनातून निघत नाहीये. फोनच केला असता, पण भिंती पातळ आहेत आणि पलीकडच्या खोलीत अप्पा कान टवकारून बसलेले असतात. म्हणून पत्र.

काल तुझ्या भाचीने तुझ्या चित्रकथेचा नवा अंक माझ्या कामाच्या टेबलावर, ओल्या प्लास्टरच्या साच्यांवरच आपटला. तुझा खलनायक भट्टीवाला छातीतल्या आगीने वस्त्या जाळतो, मधूनच विझतो आणि मग त्याच्यातून एक चष्मेवाला, गरीब स्वभावाचा माणूस बाहेर येतो, एवढं मला ठाऊक होतं. त्या माणसाला तू नाव दिलं नव्हतंस, हेही. आता म्हणे चाहत्यांनी मतं घेऊन त्याचं बारसं उरकलंय. नाव काय, तर पाहुणा! आणि पुढच्या अंकापासून ते मुखपृष्ठावर झळकणार!

अरे, तो शब्द आपला होता. आईचा, तुझा आणि माझा. अप्पांचा दिवस शांत असला की आई हळूच सांगायची, आज पाहुणा आलाय. मग आपण कपाटामागून बाहेर यायचो. आई गेली आणि तू तो शब्द बाजारात मांडलास? मी दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवते. अप्पांचीही मीच केली. ज्या माणसाने घर चावून खाल्लं त्याला मी दात करून दिले, वर औषधपाणी करते, ते अशी शोभा व्हायला नव्हे. त्यांच्या कानावर गेलं तर मी कुठे तोंड लपवू? ते नाव खोड, नाहीतर या घराची पायरी चढू नकोस.

तुझी ताई


१३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडलो आणि मग तुझ्यावरच चिडलो. तो शब्द मी कुणाला सांगितलेला नाही, संपादकांना नाही की बायकोलाही नाही. माझ्या कागदांवर त्या माणसाला नुसतं दुसरा म्हटलंय. त्याच्या नावावरून चाहते वर्षभर एकमेकांच्या झिंज्या उपटत होते. कुणी राखोबा म्हणे, कुणी थंडोबा, कुणी विझक्या. थंडोबा ठरेल आणि मी हसून सोडून देईन, असंच धरून चाललो होतो.

मग एका शाळकरी मुलीचं पत्र आलं. तिने लिहिलं होतं की हा माणूस खुर्चीच्या कडेवर बसतो, घरात बूट काढत नाही आणि मुलं त्याच्याशी जपून बोलतात, म्हणजे हा पाहुणाच. ताई, मी नाक बदललं, केस बदलले, डोळ्यांवर चष्मा चढवला. अप्पांचे बूट मात्र हाताने परस्पर रेखाटून टाकले आणि मला पत्ता नाही.

ते पत्र छापलं आणि पत्रांचा ढीग लागला. कुणी लिहिलं, आमच्याही घरी असा एक आहे, आम्ही त्याला रविवार म्हणतो. कुणी लिहिलं, आम्ही उसने बाबा म्हणतो. वाचता वाचता मी शाईची बाटली भिंतीवर फेकून मारली. इतक्या घरांत, ताई! आणि आपल्याला वाटायचं, नशीब आपलंच फुटकं.

तू मात्र अजून त्यांचीच अब्रू झाकायला धावतेस. आईच्या मोडलेल्या मनगटाची चाड कुणाला? तरी त्या शब्दात तुझाही वाटा आहे, हे मानतो. संपादक महिनाअखेरपर्यंत थांबलेत. तू नाही म्हणालीस तर नाव जाईल. हवं तेवढं रागाव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा


२२ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ., या वेळी मनापासून.

तुला नकार लिहून मी पाकीटही चिकटवलं होतं. ते आज फाडलं, कारण सांगते.

सकाळी मी स्वयंपाकघरात असताना तुझ्या भाचीने तो अंक अप्पांना मोठ्याने वाचून दाखवला. भट्टीवाला कोण, पाहुणा कोण, सगळं साग्रसंगीत समजावलं. मी हातातलं काम टाकून धावले, तोवर ते हसत होते, माझ्याच हातची कवळी दाखवत. म्हणाले की पोरांचं चुकलंय. सौम्य माणूस तर घरचा, तोच खरा. आग लावणारा कधीमधी यायचा, म्हणजे पाहुणा तो. आपण त्या दोघांनाही चांगले ओळखतो, असंही म्हणाले.

माझं डोकं सणकलं. जन्मात पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभी राहून ओरडले. सांगितलं की पाहुण्याच्या पावलांचा आवाज ऐकून घर श्वास रोखत नाही. आईचं मनगट मोडणारा घरचाच होता, रोजचा, मालक. गोड बोलणारा यायचा, चहा घ्यायचा आणि निघून जायचा. त्यावर ते खाली बघत पुटपुटले की आता तर तो आग लावणारा कायमचा गेलाय ना. मी म्हटलं, गेला नाही, म्हातारा झालाय.

मग त्यांना वेळेवर गोळ्या दिल्या.

नाव छाप. ठळक छाप, लांबून दिसेल असं. आणि त्या शाळकरी मुलीला माझ्यातर्फे कळव की नाव अगदी बरोबर ठेवलंस, आम्ही प्रत्यक्ष भट्टीवाल्याला विचारून खात्री करून घेतली आहे.

घरी ये, उरलेलं भांडण समोरासमोर करू. माया होती तेवढी आहेच.

तुझी ताई