मायच्या पाळण्याचा खर्च

११ जानेवारी १९६०. झरीकडचा कूप, सागतोडीचा.

आज पुन्हा तांदळात अळ्या. मुकादम म्हणे, "निवडून खा. जंगलात काय शिरा-पुरी भेटन काय तुले?" निवडला तर भात कमी, अळ्या जास्त. तसाच खाल्ला. मागून थुंकत बसलो.

लेतूदादानं खाल्ला नाही. हा माझ्या जोडीचा, आरीचं दुसरं टोक त्याच्या हाती असते. कोलाम आहे, गाव इथून हाकेवर, भाकर घरून येते. माझं नेर जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. भाकर कोण आणते.

सागाचा भुसा नाकात, कानात, कंबरेत. अंगाचा वास माझा मलेच सोसवत नाही.

१३ जाने.

ठेकेदाराचा ट्रक आला. डायवर सांगे, पुढच्या महिन्यात यवतमाळले प्रदर्शन भरून राह्यलं. लाइटवर फिरणारा पाळणा, चिंचेहून उंच. मौतका कुवा, त्यात फटफटी फिरते. तोंड वाकडं दाखवणारे आरसे. म्हटलं, कोण्या देवाचं? म्हणे, "देवगिव काही नाही बे. नुसती मजा."

हे बरं. ५६ साली आमच्या मोहल्ल्यानं दीक्षा घेतली तेव्हापासून देवाच्या जत्रा बंद. बरोबरच केलं, मी कधी कुरकुर केली नाही. पण देवासंग पाळणाही गेला.

मायचं तर तेव्हाही हेच. आम्ही सगळे वर, माय खाली उभी, सगळ्यांच्या वहाणा सांभाळत. मोटारीत बसली असन ती मौतीले नाहीतर कोणाच्या बाळंतपणाले. नुसतं हिंडायचं म्हणून ती जन्मात कुठं गेली नाही.

मायले त्या पाळण्यात बसवायचं. एवढं एक काम करायचं, मग या कुपाच्या नावानं पाणी सोडून बल्लारशाले कारखान्यात जायचं. नाही घेतलं तर अजून कुठं. इथं नाही.

१४ जाने.

खर्च मांडला. माय, बाबा, मी, अन् धाकट्या बहिणीचं, कुसुमचं, अर्धं तिकीट. मोटारीचं येणं-जाणं सात रु. गेटाचा एक. पाळण्याचा एक. कुवा अन् आरसे मिळून १॥. जिलेबी, भजे २. फोटो? डायवर म्हणे तिथं पडद्यापुढं विमानात बसवून फोटो काढतात. बाबाले विमानात बसवलं तर बाबा उतरायचा नाही. २ धरले.

पंधराच्या आत बसते.

लेतूदादाले सांगतलं तर खो खो हसला. "बुढीले झुल्यात बसवाले पंधरा रुपये? माह्या गावच्या चिचेले झुला बांधून देतो, एका बिडीत. दिवसभर बसव."

२० जाने. मुकुटबन.

बाजाराच्या दिवसाचं निमित्त करून पोस्टात आलो. दहा रु. म.ऑ. केली मायच्या नावानं. कुपनावर जागा बोटभर. लिहिलं, "माय, यवतमाळच्या प्रदर्शनाले जायचं. तुले पाळण्यात बसायचं आहे. पैशाले हात लावू नको. मी येतो. दौलत."

चौथीपर्यंतची शाळा एवढीच कामी आली.

बाजारात एक माणूस कुजलेले पेरू निम्म्या भावात विकून राह्यला होता अन् लोक घेऊन राह्यले होते. मीही घेतले. मळमळते.

२९ जाने.

कुसुमचं पत्र आलं. पोरगी चांगलं लिहिते आता. पण जे लिहिलं ते वाचून डोकं फिरलं.

मायले वाचता येत नाही म्हणून आमचा पोस्टमन नेहमी कुपन वाचून दाखवते. दाराशी हळू वाचावं का नाही? त्यानं ओट्यावर उभं राहून, गळा साफ करून, भाषण केल्यासारखं वाचलं. पाळण्यात बसायचं आहे, इथपर्यंत येता येता अर्धा मोहल्ला जमा. बायका मायले म्हणे, "काय वं, पोरगा विमानात बसवते वाटते तुले!" माय फुगली. तिचं काय चुकलं, जन्मात पहिल्यांदा तिचं नाव ओट्यावर निघालं.

पण फुगल्या तोंडी तिनं लगेच दारव्ह्याले निरोप धाडला. शांताताईच्या नवऱ्याले. जवाईले विचारल्याशिवाय मजेले कसं जायचं म्हणून. अन् जवाईबापू म्हणाले, मीही येतो, शांतेले घेऊन.

(पुढं नुसतं ज. लिहीन. पूर्ण नाव लिहायची किळस येते.)

देव सोडले आम्ही. तेहतीस कोटी एका दिवसात सोडले. जवाई नाही सुटला.

३० जाने.

आरी चालवता चालवता ज.चं तोंड समोर येते. आज एक बल्ली तिरपी कापली. मुकादमानं शिव्या घातल्या. अर्धी हजेरी कापीन म्हणे.

४ फेब्रु.

कुसुमचं दुसरं पत्र. ज.ची मायही येते. तिचे गुडघे दुखतात म्हणून पुढची सीट पाहिजे. ज.ले जिलेबी चालत नाही, पेढा चालते. परतताना टोपी-शेला लागन, सासरच्या लोकांसंग फिरून आला अन् रिकामा गेला तर त्याच्या गावात नाक कापल्या जाते म्हणे.

नाक आहे का मोटारीचं भोंगं.

खाली मायचा निरोप कुसुमच्या हातानं: "दौलत, तू जवाईबद्दल वाकडं बोलजो नको. मागल्या साली टोपी हलकी झाली तं शांतेले दिवाळीले धाडलं नाही. ध्यानात ठेव."

ध्यानात आहे. आणायले गेलो तेव्हा ताईनं दारातून हात हलवला होता, मी सायकलवरून उतरलोही नाही, त्यानं उतरू दिलं नाही.

५ फेब्रु.

नवा खर्च. मोटार तेरावर गेली. गेट पावणेदोन. टोपी-शेला हलका चालत नाही, म्हणजे सहा. पेढा. ज.ले पान, ज.ले सिगरेट, बिडी पीत नाही तो सासुरवाडीत.

फोटो खोडला. कुवा खोडला. आरसे खोडले, ज.चं तोंड सरळच पाहवत नाही, वाकडं कायले पाहायचं.

८ फेब्रु.

पाळण्यातून मी गेलो. बाबा गेला. कुसुमले मांडीवर घेता येते का डायवरले विचारलं, म्हणे "तिथं फुकट मांडीही देत नाहीत." आता पाळण्यात तिघं. माय, ज., ज.ची माय. माझी माय त्या दोघांसंग एका खोक्यात वर जाणार अन् म्हणणार, जवाईबापू, तुमाले वारा तं नाही लागत?

जेवलो नाही.

९ फेब्रु.

लेतूदादाले सगळं सांगतलं. त्यानं आरी थांबवली. "पोरीसाठी द्याले पैसे नसले तं आमच्यात जवाई सासऱ्याच्या वावरात राबते. वरीस वरीस राबते."

म्हटलं, "आमच्यात आम्ही राबतो."

"मंग त्याले झुल्यात काहून बसवता? त्याले खाली उभा करा. वहाणा धरन."

दिवसभर हेच आठवून हसलो. रात्री हसू आलं नाही.

१४ फेब्रु.

हप्ता झाला. वीस यायचे होते, चौदा हातावर ठेवले. तिरप्या बल्लीचे कापले, अळ्यांच्या तांदळाचेही कापले. त्या अळ्या मी विकत घेऊन खाल्ल्या, हे आज समजलं. मुकादम दात कोरत म्हणे, "पंधरा दिवसांत परत नाही आला तं जागा गेली समज." म्हटलं, जागा म्हणजे काय, ज्या दगडावर मी झोपतो तो?

नाही म्हटलं असं. मनात म्हटलं. तोंडानं "हो जी" म्हटलं. थू.

१६ फेब्रु. नेर.

पोहचलो. तीन मोटारी, एकीत बकऱ्याही होत्या, बकऱ्यांनाच जागा चांगली होती. वाटखर्च जाऊन हाती अकरा. मायजवळचे दहा. त्याले तिनं खरंच हात लावला नाही. पदराच्या गाठीतच होते, नोट घामानं मऊ झालेली.

माय म्हणे, "किती वाळला रे." मग म्हणे, "पाळणा थांबते ना मधात? थांबला तं वर काय करायचं?" म्हटलं, काही नाही, पाहायचं. "काय पाहायचं?" म्हटलं, यवतमाळ दिसन सगळं. तर तिनं विचारलं, "आपलं नेर दिसन?" नाही म्हणालो नाही.

आज कशाचीच किळस आली नाही. बरं वाटलं असावं.

१७ फेब्रु. दुपार.

ज. आला. संग त्याची माय, ताई, अन् एक चुलतभाऊ, ज्याचं नाव कोणत्याच पत्रात नव्हतं. चुलतभाऊ म्हणे, "मी तं असाच आलो." असाच म्हणजे पावणेतीन रुपये.

ज. बाजेवर आडवा झाला. बाबा खाली, तरटावर. बाबा दिवसभर कापसाचे बोद वाहतो, त्याची पाठ धरलेली, अन् हा काडीनं कान कोरून बाजेच्या पायाले पुसून राह्यला. मले म्हणे, "काय दौलतराव, कुपातच काय अजून? तोंड तं कोळशासारखं झालं. कोलाम झाले काय तुम्ही?" चुलतभाऊ हसला. बाबाही हसला. बाबाचं हसू पाहून जास्त किळस आली.

मग म्हणे, "प्रदर्शनात काय ठेवलं हाय म्हणा. मी नागपूरले पाहेल हाय, याच्या चौपट. तुमच्या मनासाठी येऊन राह्यलो."

मायनं त्याले कपात चहा दिला, बाकीच्यांना पितळीत.

१७ फेब्रु. दिवे लागणी.

माय चुलीजवळ होती. उद्याच्या भाकरी थापून राह्यली होती, चवड हे एवढी. मी जाऊन बसलो. न पाहता म्हणे, "मी नाही येत उद्या."

म्हटलं, काहून?

"बकरी व्याले झाली."

म्हटलं, माय, बकरी मी पाहिली. तिले अजून महिना आहे.

भाकर उलटवली. "मंग समज का मले चक्कर येते."

म्हटलं, हे सगळं कोणासाठी चाललं आहे?

"हळू बोल. एक माणूस वाढला. एक कमी व्हाले नको? मी कमी झाली का टोपीही चांगली येते, अन् शांताही बसन पाळण्यात. तिले तं तो घरून हालू देत नाही. तिनं पाहालं का म्या पाहालं, एकच."

एकच नाही. मी म्हटलं एकच नाही. तिनं भाकर माझ्यापुढं टाकली, "खा, ऊन हाय."

खाल्ली. भूक लागली होती, तेवढंच.

ताई मागं भांडे घासत होती. तिनं ऐकलं असन. राख जोरात घासत राह्यली.

१८ फेब्रु. मोटारस्टँड.

हे इथं बाकड्यावर बसून लिहितो.

सकाळी सगळे तयार. ज. तेल लावून, भांग पाडून. म्हणे, "चला दौलतराव, तिकिटं काढा, पुढची सीट सांगा." माय दारात उभी, हातात भाकरीचं गाठोडं, ज.च्या मायले देत. मी म्हटलं, "भाऊजी, तुमच्या घरच्या चौघांची तिकिटं तुम्ही काढा. माझ्याजवळ माझ्या घरच्यांपुरतेच पैसे आहेत. अन् माय येते."

आवाज मोठा नव्हता. तरी ओट्यावरच्या बायकांनी ऐकलं.

ज.नं खिशातला कंगवा काढला, परत ठेवला. मग म्हणे, "सासुरवाडीत बोलावून तिकीट मागता? शांते, आपली पिशवी घे. दारव्ह्याच्या मोटारीत बसायचं." त्याची माय कपाळ बडवत सुरू झाली, "पोरीच्या भावानं बाहेर काढलं वं माय आमाले." चुलतभाऊ म्हणे, "मी तं माह्ये काढणारच होतो." त्याच्याकडं कोणी लक्ष दिलं नाही.

ताई माझ्याजवळून गेली. हळूच म्हणाली, "दौल्या, बरं केलं." पुढं गेली अन् परत वळून म्हणाली, "मले आता लवकर नाही येऊ देणार." दोन्ही एकाच आवाजात. कोणतं खरं?

माय माझ्यावर धावली. मारलं नाही. हात वर होता, तसाच राह्यला. "तुले पाळणाच दिसला. पोरगी नाही दिसली?" अन् आत जाऊन दार लोटलं.

मी निघून आलो. यवतमाळची तिकिटं काढली, माय, बाबा, कुसुमचं अर्धं, माझं. खिडकीवरच्यानं पैसे दोनदा मोजले, माझ्या तोंडाकडं पाहून.

दारव्ह्याची मोटार पलीकडं उभी आहे. ज. अन् त्याची माय चढली, पुढच्याच सीटवर. स्वतःच्या पैशानं. ताई खिडकीशी. कुसुम तिच्या खिडकीखाली उभी. मी तिकडं पाहत नाही.

बाबा आत्ता आला. बाकड्यावर बसला, पाठ चोळत. बिडी मागितली, दिली.

म्हटलं, माय?

"येऊन राह्यली. लुगडं बदललं तिनं. लग्नातलं काढलं."

म्हटलं, कोणत्या मोटारीसाठी?

बाबानं धूर सोडला. "इचारलं म्या. म्हणे, बाजूले सरका."

दोन्ही डायवर चहा पिऊन राह्यले. चहा संपत आला त्यांचा. माय दिसली आता, चौकाच्या वळणावर. एकटी. भाकरीचं गाठोडं डोक्यावर. इथून दोन्ही मोटारी सारख्याच लांब आहेत तिले.