स्विच फिरवण्याआधी

ठमाबाई,

गेम मशीनच्या पडद्यावरच चिकटवतोय, कारण फ्रिजवरच्या चिठ्ठ्या तू वाचत नाहीस.

मशीन केव्हाच दुरुस्त झालंय. त्या दिवशी धूर निघाला तो तुझ्यामुळे नव्हे. तुझा रेसच्या गेमचा बोर्ड आणि माझा विमानांच्या गेमचा, दोघांना मिळून एक पॉवर सप्लाय पुरत नव्हता. आता दोघांचा सप्लाय वेगळा, फ्यूजही वेगळा. भांडण मिटलं.

तरीपण आधी मशीन बंद करायचं. पडदा पूर्ण काळा होऊ द्यायचा. मगच तुझ्या बोर्डावरून माझ्यावर नेणारा तो स्विच फिरवायचा. चालू मशीनवर फिरवलास तर बोर्ड गेलाच म्हणून समज.

(चिठ्ठीच्या मागे बघ.)

तुझी ड्युटी सुटते तेव्हा माझी सुरू होते, गाठ पडतच नाही. पण मी घरी यायचो तेव्हा स्विच माझ्या बोर्डावर वळवलेला असायचा. तेवढ्यावरून कळायचं की पोरगी खेळली, आणि जाताना बापाची आठवण ठेवून गेली.

हल्ली तो मी ठेवतो तिथेच असतो.

आजही तुझ्या बोर्डावर ठेवून निघालोय. खेळायचं नसेल तर नको खेळूस. मशीन बंदच आहे. नुसता वळव.

बाबा