पडक्या घराच्या दारात

चाचा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी कुठल्याही उंबऱ्यावर आधी थबकतो. "अब्बा, आपलंच घर आहे," म्हणत सून हसते. तिला कुठून सांगायला सुरुवात करू?

मी रत्नागिरीहून कुवेतला तुमच्या स्टुडिओत आलो, तेव्हा समुद्राकडची जुनी मातीची घरं पाडणं चाललं होतं. त्यांचे फोटो तिथल्या नगरपालिकेला, बलदियाला, लागत. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी तुम्ही बॉम्बने पडलेलं एक अख्खं शहर टिपलं होतं, त्यामुळे हे काम तुमच्याकडेच यायचं. पण तुमची एक तऱ्हा मला खुळेपणाची वाटे. घरात शिरताना आतल्या बायकांना कळावं म्हणून तिथले पुरुष मोठ्याने "या अल्लाह!" म्हणतात. तुम्ही ते पडक्या, ओस घरांच्या दारातही म्हणायचात आणि थोडं थांबून मगच पाऊल आत टाकायचात.

एके सकाळी तुम्ही गाडीतून स्टँड काढत होतात. ऊन छान पडलं होतं. मी हाक न देताच आत घुसलो आणि भराभर अंगण टिपलं. शेवटच्या फोटोला दिसलं, चुलीपाशी एक म्हातारी उघड्या डोक्याने रडत बसली होती. घराचा निरोप घ्यायला आली होती बिचारी. ओरडून तिने तोंड झाकलं.

तुम्ही धावत आलात, मला बाहेर ओढलंत, कॅमेरा उघडलात आणि सगळं रीळ उन्हात खेचून काढलंत. "घर पडला म्हणून काय झाला? बाई हाय ना आत!" मला वाटलं, संपली नोकरी, आता परतीची बोट. तुम्ही दाराकडे पाठ करून अरबीत माफी मागितलीत. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला: तिच्या बोरीच्या झाडाचा फोटो मिळेल का?

"जा, तूच काढ," म्हणत तुम्ही नवं रीळ भरून तोच कॅमेरा माझ्या हाती दिलात. परतताना सांगितलंत, लढाईतल्या एका ढिगाऱ्याचा फोटो धुताना तुम्हाला त्यात बसलेली एक बाई दिसली होती. "तिला मी इचारलाच नाय," एवढंच बोललात. चाचा, मी पुढे जो काही फोटोग्राफर झालो, तो त्या सकाळमुळे. जिवंतपणी तुमचे आभार मानायचे राहूनच गेले.

हे पत्र घडी करून कॅमेऱ्याच्या पेटीत ठेवणार आहे. त्याआधी एक सांगतो. तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी आपला स्टुडिओही पाडायला काढला आणि माझ्या नव्या मालकाने फोटोला मलाच पाठवलं. दारात उभा राहून "या अल्लाह" म्हटलं आणि थांबलो. बराच वेळ थांबलो. मालकाला येऊन सांगितलं, रिळाला उजेड लागला. खोटं होतं ते. कॅमेरा मी पिशवीतून काढलाच नव्हता.