कोंडा कोंबड्यांसाठी असतो

३ जून १९२१, फुकागावा, तोक्यो
ऑगस्टातल्या जत्रेत देवाच्या पालखीचा पुढचा दांडा यंदाही माझाच. गल्लीत जाहीर करून टाकलं. तांदूळ सडायच्या गिरणीचा मालक पुढे नको, तर काय तोफूवाला मोसुके? ताकद कमवायला आजपासून दर जेवणाला एक वाटी भात जादा. अर्थात माझ्याच गिरणीतला, शुभ्र पॉलिशचा.

१२ जून
पायांना मुंग्या. नव्या खडावा घट्ट आहेत. बदलून आणणे.

१३ जून
बदलल्या. मुंग्या आहेतच. दुकानदाराचा सगळा मालच वाईट.

२० जून
पोटऱ्या भरल्या. व्यायामाशिवाय! बोट दाबलं की खड्डा पडतो, बराच वेळ राहतो. बायको म्हणते, ही सूज आहे. ओमित्सुला माझी तब्येत सुधारलेली बघवत नाही.

१ जुलै
तिच्या कटकटीला कंटाळून हायामी डॉक्टरांकडे. त्यांनी गुडघ्याखाली हातोडी मारली. म्हणाले, निरोगी माणसाचा पाय उडतो. माझा हललासुद्धा नाही. एवढा ताबा स्वतःवर कुणाचा असतो? डॉक्टरांचं तोंड मात्र उतरलं. म्हणे मला बेरीबेरी झालाय. तांदळाच्या सालीत व्हिटॅमिन नावाचं काहीतरी असतं. शरीराला लागतं चिमूटभरच, पण ते त्याला घरच्या घरी बनवता येत नाही, खाण्यातूनच यावं लागतं. ते नसलं की पोटभर जेवूनही अन्न अंगी लागत नाही, नसा मंदावतात, शेवटी हृदय थकतं. आणि ती साल मीच गिरणीत काढून टाकतो म्हणे! कोंडा खा, जवाचा भात खा.

जवाचा भात तुरुंगात देतात. कोंडा मी कोंबडीवाल्यांना विकतो. गिरणीवाल्यानेच कोंडा खाल्ला तर गिऱ्हाईक काय म्हणेल? डॉक्टर तरुण आहेत. शिकतील हळूहळू.

९ जुलै
ओमित्सुने भातात जव मिसळला. मी एकेक दाणा वेचून बाजूला काढला. जेवण गार झालं, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. तिने ते सगळे दाणे माझ्यासमोर बसून खाल्ले. म्हणाली, मला चालतं हो, मी कुठे शेठ आहे!

२५ जुलै
जिना चढताना धाप लागते. जिना जुना झालाय.

७ ऑगस्ट
मोसुके आला. म्हणाला, तोकुझोशेठ, यंदा तुम्ही पालखीपुढे नुसता पंखा हलवा, दांडा आम्ही बघतो. हाकलला. तो गेल्यावर जरा भीती वाटली. लगेच दोन वाट्या भात खाल्ला.

१५ ऑगस्ट, जत्रा
पुढचा दांडा खांद्यावर घेतला. आरोळी झाली. बाकीचे निघाले, माझे पाय निघाले नाहीत. मी बसलो. म्हणजे पडलो. मोसुकेने दांडा सावरला नसता तर देव खरोखरच अंगावर आला असता.

पालखी पुढे गेली. मला उठता येईना. ओमित्सु गर्दीतून आली, किमोनो वर खोचला, मला पाठीवर घेतलं आणि घराकडे निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक पालखीवर मारायच्या पाण्याच्या बादल्या घेऊन उभे होतेच. त्यांनी त्या आमच्यावर रिकाम्या केल्या, वर आरोळ्याही दिल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. रडूही आलं, पण पाण्यात कुणाला कळलं नसावं.

ओमित्सुला कळलं. म्हणाली, अहो, मान नीट धरा. उद्यापासून जव खायचा, आणि वेचायचा नाही.

मी बरं म्हणालो. घर येईपर्यंत तिला दम लागला नाही.